हात लावून बघितलं का?

"हात लावून बघितलं का?" हा मामांचा ठरलेला प्रश्न. शिरूर अनंतपाळला हातपंप दुरुस्तीच्या सामानाचं स्टोअर होतं. मामा तिथले स्टोअरकीपर, मी कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. स्क्रीनवरचा आकडा मी वाचला की ते उठत, कमरेवर हात ठेवून शेडमध्ये जात, वस्तू चाचपत आणि मगच म्हणत, "हाय." असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल, त्याच्यामुळे कामाला उशीर होतो. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी फार थकले होते आणि मामांवर चिडायची.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्यातून सामानाचा ट्रक आला, त्यात मामाही बसून आले होते. काही खोक्यांवर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव होतं. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला वरून आदेश आला: वर्षानुवर्षं न हललेल्या मालाच्या नोंदी आर्काइव्ह करा.

"म्हंजे काय करायचं, माय?"

"झाकून ठेवायचं, मामा. पुसायचं नाही."

चार दिवसांनी शेडमध्ये गेले तर निम्मा माल पोत्यांखाली. मी नोंद झाकली की मामा वस्तू झाकत होते, वर चिठ्ठी लावत होते. मी हसून बेजार झाले, ऑफिसभर सांगितलं. मामा ओशाळले, पण पोती काढली नाहीत.

"धूळ तरी बसत न्हाई," एवढंच म्हणाले.

मे महिन्यात एका वाडीची बाई आली. वाडीचा एकच पंप, जुन्या बनावटीचा, साखळी तुटलेली. मी शोधलं, स्क्रीनवर शून्य. "नाही," म्हटलं. आठवड्याने ती पुन्हा आली. मी मान वर न करता तेच सांगितलं. ती दारातच बसली.

"पाणी हाय ओ खाली. वर येईना झालंय."

पहिल्या खेपेला मामा रजेवर होते. या वेळी त्यांनी ऐकलं.

"हात लावून बघितलं का, माय?"

ते शेडमध्ये गेले, एक पोतं उचललं. खाली साखळी होती, ग्रीस लावून ठेवलेली. झाकलेली नोंद शोधात येत नाही, हे मला माहीत होतं. मी विसरले आणि वाडी आठवडाभर तहानली. त्याची लाज अजून जात नाही.

नोंद परत उघडायचा अधिकार वरच्या ऑफिसला. मामांनी कोऱ्या कागदावर बाईचा अंगठा घेतला आणि साखळी देऊन टाकली. नोंदीशिवाय माल दिला म्हणून त्यांना नोटीस आली. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: "वस्तू होती, म्हणून दिली." चूक माझी, हे त्यांनी लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही.

जूनअखेर मामा निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी फोन आला, सॉफ्टवेअरमधलं त्यांचं नाव आर्काइव्ह करा. मी केलं. मग शेडमधून एक पोतं आणून झटकलं आणि त्यांची खुर्ची झाकली.

आता कुणी काही मागायला आलं की "नाही" म्हणायच्या आधी मी उठते. जाता जाता त्या पोत्यावर हात टेकते. मामा नाहीत, एवढं मी हात लावून सांगू शकते.