स्टर्जनच्या काट्यातली वर्षं

फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधीची काही वर्षं मी कतारमध्ये, दोह्यात एका मासे आयात करणाऱ्या कंपनीत क्वालिटीचं काम करत होते. शहरभर रस्ते उकरलेले, नवी हॉटेलं उभी राहत होती आणि प्रत्येक हॉटेलला कॅव्हिअर हवं होतं. कॅव्हिअर म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली गाबोळी, त्याची अंडी. मी वसईची. गाबोळी म्हटलं की मला आईचा तवा आठवतो. तिचे असे मिरवायचे डबे होतात हे मला इथे आल्यावर कळलं.

माझ्या शेजारच्या टेबलावर साठीच्या पुढचे एक इराणी गृहस्थ बसत. सगळे त्यांना ‘आगा’ म्हणत, म्हणजे साहेब. ते मला ‘खानूम’ म्हणत, म्हणजे बाई. आमचं बोलणं मोडक्या हिंदी-इंग्रजीत चाले. तरुणपणी ते कॅस्पियन समुद्राकाठच्या एका मत्स्यकेंद्रात माशांचं वय काढायचं काम करत.

“माशाचं वय कसं कळतं?” मी एकदा विचारलं.

“कल्ल्यामागच्या पराला एक जाड काटा असतो. त्याची चकती कापायची, घासायची आणि भिंगाखाली धरायची. झाडाच्या खोडात असतात तशी वलयं दिसतात. एक हिवाळा, एक वलय.”

ते नोकरीला लागले तेव्हा चाळीस-पन्नास वलयांचे मासे यायचे. काही तर त्यांच्या वडिलांच्या वयाचे. मग तीस, मग वीस. “नंतर मी दहाच्या पुढे मोजलंच नाही,” ते म्हणाले. “या माशाची मादी पंधरा वर्षांनी वयात येते, खानूम. लोक तिला त्याआधीच मारतात. मग पिल्लं कुठून येणार?”

एका दुपारी एका हॉटेलच्या ऑर्डरचा अख्खा गोठवलेला स्टर्जन आला. उद्घाटनाच्या दिवशी बर्फावर मांडून ठेवायला. माझ्या उंचीएवढा लांब, पाठीवर हाडांच्या ढालींची रांग. कागदांवर लिहिलं होतं, शेततळ्यातला. समुद्रातला पकडून विकायला बंदी होती.

आगांनी हातमोजे घालून त्याच्या परांवरून बोट फिरवलं. “हा तळ्यातला नाही,” ते म्हणाले. “तळ्यातल्या माशाचे पर भिंतीला घासून बोथट होतात. याचे बघ.”

त्यांनी करवतीने काट्याचा तुकडा काढला, पॉलिशपेपरवर घासला आणि भिंग माझ्या हातात दिलं. मी बारीक काळसर रेघा मोजल्या. नऊ भरल्या. आगांनीही मोजल्या. नऊच.

“मादी असेल तर एकदाही अंडी घातली नसतील हिने,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

आम्ही दोघं मॅनेजरकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं, कागद चाळले.

“कागद बरोबर आहेत ना?”

“कागद बरोबर आहेत, पण मासा समुद्रातला आहे,” मी म्हणाले.

“मासा मेलाय, मॅडम. परत पाठवला तर जिवंत होणार आहे का? उद्या हॉटेलला हवाय. यल्ला, चला, सही करा.”

सही माझीच लागणार होती. माझा आणि लेकीचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता आणि त्याच्या कंपनीत तेव्हा माणसं कमी करत होते. घरात माझीच नोकरी खात्रीची होती. हे सगळं माझ्या मनात आलं, आणि मी सही केली. आगा दारापाशी उभे होते. मी नजर वर केली तेव्हा ते गेलेले होते.

उद्घाटनाला आम्हाला बोलावणं होतं. मी लेकीला घेऊन गेले. मासा बर्फावर होता, तोंडाशी लिंबाच्या फोडी. लोक शेजारी उभे राहून फोटो काढत होते. लेकीने विचारलं, “इज इट रिअल?” मी हो म्हणाले. तिलाही फोटो हवा होता. मी काढला.

आगांनी त्या महिन्याच्या शेवटी राजीनामा दिला. कारण त्यांनी घरचं सांगितलं. निरोपाला मी डब्यातून नारळाच्या करंज्या नेल्या होत्या. त्यांनी एक खाल्ली, बाकीच्या रुमालात बांधून घेतल्या. मी म्हणाले, “आगा, त्या दिवशी माझं चुकलं.” ते म्हणाले, “मीही अशा खूप सह्या केल्यात, खानूम. तिकडे, तरुणपणी.”

वर्षभराने त्यांचा फोन आला. ते जुन्या केंद्रात जाऊन आले होते. दोन हंगाम अंडी घालायला समुद्रातली एकही मादी नदीत चढली नव्हती. आता तळ्यातल्याच माशांची पिल्लं वाढवून समुद्रात सोडतात. त्यातली फार थोडी जगतात.

“आणि वय कोण काढतं आता?”

“कुणाचं काढणार?”

मी तब्येतीची चौकशी केली. गुडघे दुखतात, म्हणाले, पायऱ्या चढवत नाहीत.