मायजवळच्या जागेचं भाडं

आठवीतून शाळा सोडली तेव्हापासून मी बाहेरगावीच आहे. आता बंगळुरूला एका मेसमध्ये स्वयंपाक करतो. बहिणीच्या लग्नाला बाभुळगावला आलो होतो. परतीला मालकानं नागपूरवरून विमानाची तिकिटं काढून दिली, माझं, बायकोचं आणि चार वर्षांच्या लेकीचं. त्यांचे उपकार आहेत.

निघायच्या आदल्या दिवशी नव्या जावयानं मोबाइलवर पाहून सांगितलं, "दादा, सीटचे येगळे पैसे मांगून राह्यले."

"मंग तिकीट कायचं काढलं? दांडा धरून उभं राहाचं काय?" मी म्हटलं. सगळे हसले. आम्ही काही भरलं नाही. लेकरू मायजवळ बसवायची अक्कल कंपनीला असेल, असं धरून चाललो.

नव्हती. बायकोला पुढची जागा, मला मधली आणि लेकीला पार शेवटी, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये.

मागच्या शिडीनं चढलो. एक ओळ रिकामी दिसली तशी मी बायकोची डोक्याला बांधायची ओढणी तिन्ही सीटांवर पसरली. यवतमाळच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली. भांडण होईल, पण रुमाल कोणी उचलत नाही. इथं हवाईसुंदरीनं ओढणी दोन बोटांनी उचलली.

"ये किसका है? आपने सीट सिलेक्ट नहीं की थी, सर."

बायको म्हणाली, "अवं बाई, लेकरू हाय ते. पेटी नाही वर ठेवाले."

ती गोड हसली. पैसे भरले असते तर एकत्र बसवलं असतं, म्हणाली. मांडीवरही चालत नाही, एवढ्या मुलीला वेगळी सीट लागते. लेक मायचा पदर मुठीत धरून किंचाळत होती. आपल्याला खाली उतरवतील या धाकानं मी ओढणीची घडी घालत राहिलो.

माय लेकराला सोडत नाही, हे या लोकांना पक्कं माहीत आहे. म्हणूनच तिथं भाव लावला. खिसेकापू निदान पळून तरी जातो. हे इस्त्रीचे कपडे घालून दारात नमस्कार करतात.

शेवटी बायकोच्या शेजारचे, खिडकीचे पैसे भरून बसलेले एक म्हातारे उठले. "पोरीले इथं बसू द्या, मी जातो मांगं."

मी हात जोडले. "लई उपकार झाले, काका."

"उपकार कायचे? माय तिची, लेकरू तिचं. मधात दुकान टाकलं ते यायनं."

"सहयोग के लिए धन्यवाद," हवाईसुंदरी त्यांना म्हणाली. जशी जागा कंपनीनंच दिली!

लेक पदर धरूनच झोपली. बंगळुरूला उतरताना दारात तीच हवाईसुंदरी उभी, हात जोडून, परत या म्हणत. टपरीवर कोणी पाणी दिलं तरी मी दोनदा आभार मानतो. लेकीला खांद्यावर घेतलं आणि त्या बाईसमोरून तसाच, आभार न मानता, खाली उतरलो.

"काई बोलले नाही तुमी?" बायकोनं विचारलं.

"बोलाच्या लायकीचे हायेत काय?"