आईच्या तोंडावरचं ऊन

मी टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालून वर रबरबँड लावणारा माणूस. विरारला फुलपाड्यात फ्लॅट घेतला तेव्हा सोफ्याचं दुकानातून आलेलं प्लास्टिक मी दोन वर्षं काढू दिलं नव्हतं. उन्हाळ्यात पाहुणे उठले की ते त्यांच्या पाठीला चिकटून वर यायचं. त्यामुळे कॅमेरावाला मोबाइल घेतला तेव्हा दुकानदाराकडून त्याला पुढून-मागून पारदर्शक प्लास्टिक डकवून घेतलं. "कॅमेऱ्याची जागा कापून देतो," तो म्हणाला. मी म्हणालो, "अजिबात नको. तीच तर नाजूक काच." त्याचं काय जात होतं, त्याने दिलं चिकटवून.

ही गोष्ट दोन हजार सात-आठच्या आसपासची. त्या फोनने काढलेल्या फोटोत, उजेड जरा समोरून आला की एक पांढरा पट्टा तिरका उतरायचा आणि त्याच्या ओळीत जांभळे-हिरवे गोल उमटायचे. प्लास्टिकवर चरे पडत गेले तसा पट्टा रुंद होत गेला. बायको म्हणायची, "ते मागचं प्लास्टिक काढा ना." मी म्हणायचो, फोन स्वस्तातला आहे, त्याची लायकीच तेवढी. माझी चूक असू शकते हे माझ्या डोक्यात सहसा सगळ्यात शेवटी येतं.

आईचा फोटो मी काढला तो मे महिन्यात, बिल्डिंगच्या गच्चीवर. ती पोह्याचे पापड वाळवून गोळा करत होती. संध्याकाळचे पाच वाजले असतील. सूर्य तिच्या मागे, मी समोर. तिने पदर तोंडावर धरला.

"माझा कशाला काढतोस? पापडांचा काढ."

"पदर काढ तोंडावरचा," मी ओरडलोच. तिने काढला. मी बटण दाबलं आणि स्क्रीनकडे न बघता फोन खिशात टाकला.

आई तेव्हा विसरायला लागली होती. आमटीत दोनदा मीठ पडायचं. आमच्या जिन्यात उभी राहून ती कोकणातल्या घरामागचा नारळी-पोफळीचा आगर कुठे गेला म्हणून विचारायची. मी तिच्यावर चिडायचो. वय झालं की होतं असं, असं ऑफिसात सांगायचो आणि घरी येऊन पुन्हा चिडायचो. डॉक्टरला दाखवायचं दर महिन्याला ठरायचं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका मंगळवारी सकाळी, बायको मुलीला शाळेत सोडायला गेली तेवढ्या वेळात, आई घरातून निघून गेली. मी ऑफिसातून परत येईपर्यंत बायकोने सगळा फुलपाडा पालथा घातला होता. संध्याकाळी पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांनी फॉर्म पुढे केला. नाव, वय, उंची, रंग. मी भराभर लिहीत गेलो. "ओळखीची खूण" असा एक रकाना होता, त्यात मी "नाही" लिहिलं. अंगावर काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. बायकोने सांगितलं, फिकट निळी साडी, पांढरा ब्लाउज, आणि चपला दोन वेगवेगळ्या. आईची एक आणि माझी एक दाराशी उरली होती, म्हणजे पायात एक तिची आणि एक माझी असणार. हवालदारांनी तेही लिहून घेतलं आणि म्हणाले, "फोटो द्या. चेहरा स्पष्ट पाहिजे, अलीकडचा."

घरी येऊन मी कपाटातले सगळे अल्बम जमिनीवर ओतले. वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यानंतर शुभकार्याच्या फोटोत आई कधी उभी राहिलीच नाही. ती आपणहून बाजूला व्हायची आणि तिला परत बोलवायचं कुणाला सुचायचं नाही. मला तरी कुठे सुचलं? माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तिच्या खांद्याचा एक तुकडा होता. मुलीच्या बारशाच्या फोटोंत ती स्वयंपाकघरात होती, म्हणजे नव्हतीच. मतदानाचं ओळखपत्र गावच्या ट्रंकेत, आणि त्यावरचा फोटो म्हणजे काळा ठिपका. वीस वर्षांत माझ्या आईचा एक फोटो या घरात निघू नये, याची लाज वाटायलासुद्धा त्या दिवशी मला सवड नव्हती.

राहिला गच्चीवरचा. मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. पट्टा वरच्या कोपऱ्यातून उतरून थेट तिच्या कपाळावर आला होता. उजवा डोळा आणि गाल पांढराफटक. डाव्या डोळ्यावर एक जांभळा गोल बरोब्बर बसलेला, आणि हनुवटीवर हिरवा. स्पष्ट दिसत होते ते फक्त हातातल्या ताटातले पापड.

मी नखाने कॅमेऱ्यावरचं प्लास्टिक खरवडून काढलं. एका झटक्यात निघालं. खालची काच नवीकोरी होती. मी ती बघत बसलो आणि मग बायकोसमोर रडलो. लग्नानंतर पहिल्यांदाच.

बुधवारी सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधीच मी शटरपाशी उभा होतो. स्टुडिओवाल्याने फोटो कॉम्प्युटरवर घेतला, मोठा केला, काळोखी वाढवली, कमी केली. जांभळा गोल राखाडी झाला, पण त्याच्याखालून डोळा काही वर आला नाही.

"साहेब, इथे काहीच नाहीये," तो पांढऱ्या भागावर बोट ठेवून म्हणाला. "धूळ असती तर पुसली असती. उजेडाने खाल्लेलं परत येत नाही."

"काहीतरी करा."

"दुसऱ्या कुणा म्हाताऱ्या बाईचे डोळे बसवू शकतो. माझ्याकडे आहेत. जरा इकडेतिकडे होईल."

मी हो म्हणालो. त्या घटकेला त्याने दुसरं डोकं बसवतो म्हटलं असतं तरी मी हो म्हणालो असतो. अर्ध्या तासात त्याने डोळे बसवले, गाल भरला, हनुवटी सारखी केली. समोर एक नीटनेटकी म्हातारी उभी राहिली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मला ते दिसत होतं. पण नाक आईचं होतं, कान आईचे होते, आणि चौकीवाल्यांना चेहरा स्पष्ट पाहिजे होता. मी दोनशे प्रती काढायला सांगितल्या. बायकोने एक प्रत हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि एवढंच म्हणाली, "आई अशा बघत नाहीत." मी तिच्यावर खेकसलो.

दुपारपासून आम्ही पोस्टरं लावली. रिक्षा स्टँड, देवळं, दवाखाने, भाजीची दुकानं, पार वसईच्या पाचूबंदरापर्यंत. बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांचा टेम्पो कामणच्या गोदामांत माल पोचवायचा. ते म्हणाले, "मी वसईपासून भिवंडी रोडपर्यंत लावत जातो." मी त्यांना खळ आणि चाळीसेक कागद दिले.

गुरुवारी सकाळी फोन आला, पाचूबंदरावरून. फोटोतली बाई इथे बसली आहे, लगेच या. रिक्षात मी बायकोला तीन वेळा फोन केला, गरम पाणी ठेव म्हणून. बंदरावर लिलाव संपत आला होता. एक मासेविक्रेती मला जाळ्यांच्या ढिगापाशी घेऊन गेली. तिथे एक म्हातारी गुडघे जवळ घेऊन बसली होती. ती माझी आई नव्हती. पण पोस्टरवरची बाई ती शंभर टक्के होती. तेच डोळे, तसाच भरलेला गाल. तिच्या हातात कुणीतरी चहा दिला होता आणि तिच्या मांडीवर माझं पोस्टर होतं.

"तुजी आय नाय ही?" मासेविक्रेतीने विचारलं. "फोटोत त हीच हाय."

मी तिच्याकडे आणि पोस्टरकडे आळीपाळीने बघत राहिलो. माझ्याच हाताने मी दुसऱ्याच कुणाला तरी शोधायला गावभर कागद चिकटवले होते. ती बाई कुणाची होती, तिला कुणी शोधत होतं की नाही, देव जाणे. आणि माझी आई जिथे असेल तिथे तिच्याकडे बघून लोक म्हणत असतील, ही ती नव्हे.

"बस. आदी पानी पी, मंग बोल," मासेविक्रेती म्हणाली आणि तिने मला उलट्या टोपलीवर बसवलं. मी पाणी प्यायलो. त्या म्हातारीबद्दल तिथल्या चौकीवर कळवायला तिला सांगितलं. मग धक्क्यावरून चालत येताना भिंतीवरची माझी पोस्टरं दिसतील तेवढी फाडत आलो. लोक थांबून बघत होते.

दुपारी दोनला पुन्हा फोन वाजला. या वेळी कामणजवळच्या चौकीतून, एका महिला कॉन्स्टेबलचा. "एक आजी आहेत. तुमच्या तक्रारीत आहे तशा पायात दोन वेगळ्या चपला, एक लेडीज, एक जेंट्स. या बघायला."

मी पोचलो तेव्हा आई चौकीच्या बाकावर बसली होती. साडी घोट्यापर्यंत चिखलाने भरली होती आणि ओठ सुकले होते. ती कुठल्यातरी एसटीत बसून कामणला उतरली होती. मंगळवारची रात्र कुठे काढली कुणास ठाऊक, पण बुधवारपासून एका चहाच्या टपरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गावची गाडी कधी येते ते विचारत होती. टपरीवाल्याने तिला दोन दिवस चहा आणि पाव दिला आणि शेवटी चौकीवर आणून सोडलं. त्याच्या टपरीच्या पत्र्यावर बुधवार संध्याकाळपासून आमचं पोस्टर होतं. त्याने ते वाचलं होतं, आईकडे पाहिलं होतं, आणि तीनदा जुळवून पाहून सोडून दिलं होतं. रात्रभर माझी आई त्या कागदाखाली झोपली.

मी तिच्यापाशी जाऊन बसलो. "आई."

तिने माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं. "चेहरा ओळखीचा वाटतो हो," ती म्हणाली. "बसा."

कॉन्स्टेबलबाईंनी पोस्टर आईच्या तोंडाशेजारी धरलं. "दादा, ह्या त्या नाहीत."

मी त्यांना सगळं सांगितलं. प्लास्टिक, ऊन, स्टुडिओ, बसवलेले डोळे. स्वतःच्या कानांना ते वेड्यासारखं ऐकू येत होतं. मोबाइल काढून मूळ फोटो दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, सावलीत धरला. "ह्यात तर चेहराच नाही. तुमचा दोघांचा एखादा फोटो?" नव्हता. "बरं, विरारहून तुमचा फॉर्म मागवलाय." त्यांनी फॅक्सचा कागद पुढे ओढला. "चपला जुळतात, साडी जुळते. पण खुणेत तुम्ही 'नाही' लिहिलंय. आजींच्या हातावर तर मोठं गोंदण आहे. मुलाला माहीत नसेल असं कसं होईल? मी कुणाच्याही ताब्यात नाही देऊ शकत."

त्या खोटं बोलत नव्हत्या. मी चाळीस वर्षं त्या हाताचं जेवलो होतो. गोंदण आहे हे मला माहीत होतं, पण फॉर्म भरताना ते आठवलंही नव्हतं, आणि ते कसलं आहे म्हणून कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आई समोर बसली होती आणि ती माझी आहे हे मला सिद्ध करता येत नव्हतं.

तासाभराने बायको आली, रेशनकार्ड आणि शेजाऱ्यांना घेऊन. तिला दारात पाहताच आई उठून उभी राहिली. "आलीस? दूध उतू गेलं का गं?"

"नाही, आई. बंद करून आले," बायको म्हणाली आणि तिने आईला जवळ घेतलं. कॉन्स्टेबलबाईंनी तिला आईपासून जरा दूर नेऊन विचारलं, गोंदण कसलं? बायको क्षणभरही थांबली नाही. "डाव्या हातावर तुळशीवृंदावन, खाली पाच ठिपके. एक पुसट झालाय."

"घेऊन जा," कॉन्स्टेबलबाई म्हणाल्या. मग फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "दादा, हे मात्र तुम्ही स्वतः दुरुस्त करा. तक्रार तुमच्या सहीची आहे."

मी "नाही" खोडलं. पेन टेकवलं आणि थांबलो, कारण पाहिल्याशिवाय मला लिहिता येत नव्हतं. मी आईचा डावा हात माझ्या हातात घेतला. वृंदावनाला दोन पायऱ्या होत्या. ठिपके मी बोटाने मोजले, पुसट झालेला धरून पाच. आईने हात मागे घेतला नाही. डॉक्टरसमोर धरावा तसा पुढे धरून ठेवला आणि माझं लिहून होईपर्यंत ती अगदी शांत बसली.

"काही काळजीचं नाही ना?" तिने विचारलं.