फुटलेल्या कवचावर सही नाही

“मॅडम, साईन करा. खाली गाडी उभी आहे,” आमचे मॅनेजर साहेब म्हणाले.

“बॅच फेल आहे, सर.”

लोणंदच्या आमच्या कंपनीत मी क्वालिटी बघते. डाळिंबावरच्या फुलकिड्यांसाठी आम्ही निंबोळीच्या अर्काचं औषध बनवतो. हा अर्क उन्हात लवकर निकामी होतो. म्हणून त्याचे थेंब पातळ कवचात बंद करायचे. यालाच एन्कॅप्सुलेशन म्हणतात. थेंब इतके बारीक, नॅनो, की साध्या मायक्रोस्कोपलाही दिसत नाहीत. पानावर बसतात आणि अर्क हळूहळू सोडतात.

या बॅचच्या वेळी कूलिंग बंद पडलं होतं. तरी प्रॉडक्शनवाल्यांनी मशीन थांबवलं नाही. उष्णतेनं कवचं फुटली, थेंब एकमेकांत मिसळले. बाटलीत वर तेलाचा थर आला होता.

“‘हलवून वापरा’ असं लेबलवर टाकू. कडुनिंबच आहे, विष तर नाही? कुणाचं काय बिघडतंय?”

“ज्याची बाग आहे त्याचं. सकाळी फवारलेलं दुपारी संपलेलं असेल.”

“सही करणारे पुष्कळ मिळतील, मॅडम.”

“मिळू देत. माझी सही मिळणार नाही.”

मी पेनाला टोपण लावलं. कागद साहेबांकडे परत सरकवला.

तेवढ्यात तात्या दारात आले. आटपाडीच्या बागायतदार गटाचे प्रमुख. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, तात्यांनी डाळिंब लावलं. गाडी घेऊन तेच आले होते.

“आवं मॅडम, लय येळ लागला?”

साहेबांनी डोळ्यांनी दटावलं. मी सरळ बाटली तात्यांच्या हातात दिली आणि काय झालंय ते सांगितलं.

त्यांनी ती उजेडाकडं धरली. “म्हंजे ह्यात नॅनो न्हाईच?”

“नाही.”

“आन् ह्ये तुमी आमास्नी देनार व्हता?” त्यांनी साहेबांना विचारलं.

साहेब फोन बघायला लागले.

“गाडी मोकळी न्हेतो. चांगला माल कवा, ते आता मॅडमच सांगतील.”

ती सगळी बॅच नष्ट केली. पुढची नीट निघाली, तिच्यावर मी सही केली. मधल्या काळात आटपाडीत फुलकिडे वाढले. उशिराबद्दल तात्यांनी फोनवर मला चांगलंच झापलं. मी ऐकून घेतलं. माझं प्रमोशन साहेबांनी अडवलं. टेबल अजून तेच आहे.

हल्ली नवीन केमिस्ट आला की मशीन दाखवण्याआधी मी त्याला एक गोष्ट सांगते: सही करणं हे आपलं काम आहे, आणि न करणं हेसुद्धा. पगार दोन्हीचा एकच मिळतो.