भिंतीवरचा ग्लास

नवऱ्यालाही हे माहीत नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी एवढंच वगळत आले. तुला सांगते — पण मध्ये बोलू नकोस हं.

नव्वद सालच्या आसपास कळव्यात आमच्या चाळीमागे दारू सोडवायचं केंद्र आलं. मला ते डोळ्यांसमोर नको होतं. खोटं कशाला बोलू? आजही नकोच वाटतं. पोरं तिथे दगड मारायची, बायका रिकाम्या बाटल्या भिंतीपलीकडे टाकायच्या — आणि मी? मी हसायचे. या बेवड्यांच्या शेजारी आमच्या मुलींची लग्नं जमणार होती का?

त्यांच्यात एक दामू होता, खाडीवरचा कोळी. नळावर माझा हंडा उचलून द्यायचा. म्हणायचा, "वयनी, नारली पुनवेला मना घरा सोरतील. होरी पान्यान लोटाची हाय." तोवर नीट राहिला तर घर, होडी, बायको, सगळं परत. प्यायला तर लगेच बाहेर, असा तिथला नियम. तो मला माहीत होता. चांगला माहीत होता.

गटारी आली. उद्यापासून श्रावण, म्हणून आमचे पुरुष मागच्या पडवीत प्यायला बसलेले, मटण मीच रांधलेलं. मनात आलं — एक जण प्यायलेला सापडू दे, केंद्र उठवायला चाळीला आयतं निमित्त मिळेल. पण माझ्या शब्दाला मान देईल असा तिथे होता कोण? दामूच.

मी दामूला हाक मारून मधल्या भिंतीवर मटणाची वाटी ठेवली, शेजारी भरलेला ग्लास. "वयनी, नको," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, गटारीला नाही म्हणतोस? पुरुष आहेस ना?" मेल्यानं ग्लास उचलला. प्यायला. मग केंद्रात जाऊन कळवलं — तेही मीच.

सकाळी त्याला हाकललं. दारू कुणी दिली असं विचारलं, तर म्हणाला, मीच चोरून आणली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी केंद्राच्या दारातच उभी होते. तोंड उघडलं का? छे!

तो घरी गेलाच नाही. पुनवेला त्याची बायको न्यायला आली, काखेत नवा सदरा. केंद्रातून थेट माझ्या दारात. "वयनी तुम्हीच ना? तुमचा लय नाव घेयाचा," म्हणाली, आणि नारळाच्या करंज्यांचा डबा माझ्या हातात दिला. मग विचारलं, "कुठं गेला वो तो?"

"पडला असेल कुठंतरी पिऊन, बघ जा," मी म्हणाले. करंज्या ठेवून घेतल्या.