स्टँडवर सगळंच छान चालतं

एकच सायकल मी तीनदा "झाली दुरुस्त" म्हणून परत दिली होती, आणि एकदाही तिच्यावर बसून पाहिलं नव्हतं. मिस्त्रीला याहून मोठा मूर्खपणा करायचा असेल, तर मेहनत घ्यावी लागेल.

पांढुर्ण्याच्या बाजारात आमचं सायकलचं दुकान. ह्यांची कंबर गेली तेव्हा पाना माझ्या हाती आला. आता नातवंडं आहेत, पाना अजून आहे आणि माझीही कंबर जायच्या बेतात आहे. तेव्हा मात्र मी स्वतःला फार मोठी कारागीर समजत होते.

सावरगावचे नामदेवभाऊ रोज जाम नदीचा पूल ओलांडून दुधाचे दोन कॅन आणायचे. त्यांची चेन झिजून लांबली होती, मी नवी टाकली. सायकल स्टँडवर लावली, हातानं पायडल फिरवलं. चाक छान फिरलं.

दुसऱ्या सकाळी भाऊ दारात.

"वहिनी, चढावर चेन उडून राहिली ना."

"ढिली असंन," म्हणत मी मागचं चाक ओढून चेन ताणली. स्टँडवर फिरवली. छान.

तिसऱ्या सकाळी तेच. मी एक कडी जाम असल्याचा शोध लावला, तेल देऊन मोकळी केली. स्टँडवर छान.

चौथ्या सकाळी ते सायकल ढकलत आले. पॅन्ट दुधानं भिजलेली.

"कॅन सांडला. हॉटेलवाला म्हणे, उद्या दूध नाही आलं तर दुसरा दूधवाला पाह्यतो." ते चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. "वहिनी, तुमी बसून पाह्यलं का हिच्यावर?"

बाईनं सायकल उघडून बसलेलं बाजाराला चालत होतं. पण दांड्याच्या सायकलीवर साडीत टांग टाकायची? लोक काय म्हणतील, एवढ्यासाठी मी स्टँडवरच समाधान मानत होते.

"दोन्ही कॅन पाण्यानं भरा," म्हटलं. घरात जाऊन ह्यांचा पायजमा चढवला, साडी वर खोचली आणि निघाले. सगळा बाजार बघत होता. पुलाच्या चढावर जोर लावला आणि खट! पाय एकदम खाली गेला, गुडघा दांड्यावर आपटला. तीन सकाळी जे कळलं नाही, ते गुडघ्याला लगेच कळलं.

परत येऊन फ्रीव्हील पाहिलं. मागच्या चाकाची दातेरी चकती, तिच्यावर चेन बसते. दाते झिजून एका बाजूला वाकलेले. जुनी चेन त्यांच्यासोबतच झिजली होती, म्हणून जमत होतं. नव्या चेनच्या कड्या त्यात बसेनात. हातानं फिरवताना काही दिसत नाही. वजन पडलं की चेन दात्यावर चढते आणि उडी मारते. फ्रीव्हील बदललं. दुखरा गुडघा घेऊन पुन्हा पूल चढले. चेन चुपचाप चालली.

सायकल ज्या वजनाखाली बिघडते, त्याच वजनाखाली तपासायची. एवढं शिकायला मला चार दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी भाऊ रिकामे कॅन वाजवत आले. हॉटेलवाल्यानं सगळं दूध घेतलं होतं. मी गुडघा शेकत म्हटलं, "काल बाई सायकलवर दिसली, तर कसे बघून राहिले होते सगळे!"

भाऊ म्हणाले, "बाईले कोण पाहून राहिलं होतं, वहिनी? पायजम्याचा नाडा लोंबून राहिला होता तुमचा. चेनमंदी आता जाते का मंग जाते, सारे तेच पाहून राहिले होते."