दव पानावर, पाय खडकात

माझी मावशी कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. कारखाना बंद पडला तेव्हा तिने गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत पुदिना लावला आणि दारोदार विकला. लोक तिला पुदिनावाली म्हणू लागले. ती हसून घ्यायची, पण जन्मभर पुदिनाच विकायचा, हे तिला मान्य नव्हतं.

संधी चालून आली ती एका नव्या हॉटेलच्या शेफकडून. त्याला जेवणघराच्या खिडक्यांत रोझमेरी या सुवासिक विलायती पाल्याच्या कुंड्या हव्या होत्या, जागेवरच काडी खुडून रश्श्यात घालायला.

"मुळं धरलेली रोपं पाहिजेत, ताई. हॉटेल उघडायला दोन महिने आहेत. नाही जमलं तर मोठ्या नर्सरीला सांगतो."

"त्यांना कशाला त्रास?" मावशी म्हणाली.

गच्चीत रोझमेरीचं एकच जुनं झुडूप होतं. त्याच्या काड्या तोडून तिने ट्रेमध्ये खोचल्या आणि देखरेख नवऱ्यावर, म्हणजे काकांवर, सोपवली. काका अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. कशावरही पाणी मारणं हा त्यांचा पहिला उपाय. काड्या एकेक करून बुडाशी काळ्या पडायला लागल्या. मावशीने एक पान तोडून चघळलं आणि थुंकलं.

"अहो, हे खारट कसं?"

काकांनी फवारणीची बाटली पाठीमागे धरली. "अगं, फोनवर वाचलं. रोझमेरी हे नाव दोन जुन्या लॅटिन शब्दांवरून आलंय म्हणतात. एक म्हणजे दव, दुसरा समुद्राचा. समुद्राचं दव! म्हणून सकाळ-दुपार-संध्याकाळ फवारतोय. चिमूटभर मीठ घालून."

"रोप आहे हो ते, आग नाही लागलेली! आता लोणचं घाला त्याचं."

काका ओशाळले. मावशीने सगळ्या काड्या उपटून टाकल्या, हात धुतले आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"ज्यानं नाव ठेवलं, त्यानं हे झाड कुठं पाहिलं असेल? दाखवा बघू."

काकांनी फोनवर फोटो शोधला. खाली समुद्र, वर उभा कडा, आणि कड्याच्या फटीत रोझमेरी. मावशीने बोटांनी फोटो मोठा केला. झुडूप सोडून ती बराच वेळ खालचा दगडच बघत राहिली.

"नाव ठेवणाऱ्यानं पानं बघितली. पाय कोण बघणार? या कपारीत पाणी थांबेल का सांगा. दव पडत असेल, वाऱ्यानं उडूनही जात असेल. आपण मात्र तिला चिखलात उभं केलं."

जेमतेम महिना उरला होता. पुन्हा काड्या घ्यायच्या म्हणजे जुनं झुडूप पार बोडकं होणार.

"हेही गेलं तर?" काकांनी विचारलं.

"गेलं तर गेलं. काड्या लावल्याच नाहीत तर हॉटेलचं काम नक्कीच जाईल," म्हणत तिने कात्री चालवली.

माती थोडी, वाळू आणि बारीक खडी जास्त. खालची पानं ओरबाडून काड्या खोचल्या. ट्रे वाऱ्याच्या तोंडी, पण सावलीत. वाळू बोटाला कोरडी लागली तरच पाणी. काका जिन्यातून डोकावायचे तेव्हा ती नुसतं बोट वर करायची.

ठरल्या दिवशी शेफ आला. मावशीने त्याआधी एकही काडी उपटून पाहिली नव्हती. मुळं आहेत की नाहीत, तिलाही ठाऊक नव्हतं.

"ओढून बघू?" शेफने विचारलं.

"बघा ना. बघायलाच आलात."

त्याने काडी हलकेच ओढली. ती सुटेना. जरा जोर लावला तेव्हा खडीसकट गड्डाच वर आला, पांढऱ्या मुळांनी गच्च आवळलेला. दुसरी ओढली, तिसरी ओढली. चौथीला मावशीने त्याचा हात धरला. "पुरे. खिडकीत लावायचीत, की इथंच उपटायचीत?"

शेफ मोकळेपणाने हसला. "ठीक, कुंड्या भरा. वरच्या मजल्याच्या खिडक्यांसाठीही लागतील. कधी देता?"

मावशीने कोपऱ्यातल्या बोडक्या झुडपाकडे पाहिलं. नवे फुटवे नखाएवढे होते.

"हिला अंगावर कपडे येऊ देत आधी. तोवर दुसरीकडे विचारलंत तर बघा."